घटक ४ : समलिंगी विवाह आणि 'पारंपरिक विवाह' – एका सामाजिक वादाचा भाषिक व वैचारिक अभ्यास

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
१. समलिंगी विवाहासंबंधीच्या वादाची कायदेशीर व सामाजिक पार्श्वभूमी सांगता येईल.
२. 'पारंपरिक विवाह' या संज्ञेची व्याप्ती सातारा-सांगली परिसरातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करता येईल.
३. 'परिणाम' या शब्दाचे वादातील वेगवेगळे अर्थ वेगळे काढता येतील.
४. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद निःपक्षपातीपणे मांडून त्यांची चिकित्सा करता येईल.
५. नातेवाचक शब्द आणि समाजव्यवस्था यांचा संबंध विशद करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वादलेखनाचे स्वरूप पाहिले. प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण ही युक्तिवादाची अंगे कशी ओळखावीत, याचा परिचय करून घेतला. या घटकात तीच साधने एका चालू वादाला लावून पाहायची आहेत. समलिंगी व्यक्तींच्या विवाहाला कायद्याने मान्यता दिल्यास पारंपरिक विवाहसंस्थेवर परिणाम होईल काय, हा तो वाद होय.

हा विषय काहींना परका वाटेल, काहींना अवघड वाटेल. काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो स्वतःच्या किंवा घरातील एखाद्या माणसाच्या आयुष्याचा प्रश्न असेल. ज्यांच्याविषयी आपण बोलतो ती माणसे त्याच वर्गात बसलेली असू शकतात, हे अभ्यासकेंद्रावरील चर्चेत विसरू नये. विद्यार्थ्याने अमुकच मत स्वीकारावे, असा या घटकाचा आग्रह नाही. आपले मत कोणत्या शब्दांवर आणि कोणत्या पुराव्यावर उभे आहे, हे त्याला सांगता यावे, एवढी अपेक्षा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ वादाची पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात १८६० साली झालेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मुळे समलिंगी संबंध गुन्हा ठरत असत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध या कलमातून वगळले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय फिरवला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत, असा निर्णय दिला. येथे एक भेद लक्षात घ्यावा. गुन्हा नसणे आणि विवाहाचा अधिकार असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

विवाहाच्या अधिकाराचा प्रश्न सुप्रियो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा अर्थ समलिंगी जोडप्यांनाही सामावून घेईल असा लावावा, ही याचिकाकर्त्यांची प्रमुख मागणी होती. एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल लागला. विवाह हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत अधिकार नाही, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला नागरी संबंध म्हणून मान्यता मिळावी काय आणि त्यांना संयुक्तपणे मूल दत्तक घेता यावे काय, या मुद्द्यांवर मात्र तीन विरुद्ध दोन असा मतभेद झाला आणि बहुमत नकाराच्या बाजूने गेले. विद्यमान कायद्यांनुसार तृतीयपंथी व्यक्तीला भिन्नलिंगी जोडीदाराशी विवाह करता येतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या. यापुढचा निर्णय संसदेकडे आहे. म्हणून हा वाद संपलेला नाही.

सुनावणीत केंद्र सरकारच्या वतीने असे मांडले गेले, की पती, पत्नी आणि मुले ही भारतीय कुटुंबाची कल्पना आहे आणि ही मागणी शहरी उच्चभ्रू वर्गाची आहे. दुसरा मुद्दा सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात नाकारला. आपल्या परिसरापुरते पाहिले, तर १९९२ पासून सांगलीत काम करणाऱ्या 'संग्राम' या संस्थेच्या परिवारात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबरच समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांचेही संघटन झाले आहे. हा प्रश्न केवळ महानगरांचा नाही, हे त्यावरून दिसते.

४.३.२ 'पारंपरिक विवाह' म्हणजे कोणता विवाह?

'पारंपरिक विवाहावर परिणाम होईल' या प्रतिज्ञेतील पहिला शब्दच आधी तपासला पाहिजे. कृष्णाकाठच्या विवाहपद्धतींकडे पाहिले, तर 'पारंपरिक' या एका शब्दाखाली अनेक गोष्टी येतात.

(अ) नात्यातील विवाह : मामाच्या मुलीशी विवाह आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या स्वीकारला गेला आहे, कित्येक घरांत तर तो मामाच्या मुलीवरचा हक्कच मानला जाई. उत्तर भारतातील अनेक समाजांत हाच विवाह निषिद्ध आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतीय आप्तसंबंधांच्या अभ्यासात (१९५३) उत्तरेकडील व दक्षिणेकडील पद्धतींच्या मधला प्रदेश म्हणून महाराष्ट्राची चर्चा केली आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सपिंड विवाह अमान्य केला, पण रूढीने परवानगी असल्यास तो वैध ठरवला. म्हणजे एकाच कायद्याखाली एकाची परंपरा ती दुसऱ्याचा निषेध, अशी स्थिती आहे.

(आ) लग्न आणि पाट : अनेक जातींत विधवेचा पुनर्विवाह रूढ होता, परंतु त्याला 'लग्न' म्हणत नसत. त्यासाठी 'पाट' किंवा 'म्होतूर' हे वेगळे शब्द होते. विधी साधा असे, प्रतिष्ठाही कमी असे. दुसरीकडे उच्चवर्णीयांत विधवेला पुनर्विवाहच नव्हता. शब्द वेगळा ठेवून संबंधाला मान्यता द्यायची आणि दर्जा मात्र कमी ठेवायचा, ही युक्ती आपल्या समाजाला जुनीच आहे. समलिंगी जोडप्यांसाठी 'विवाह' नको, 'नागरी संबंध' पुरे, असे आज म्हटले जाते, तेव्हा या जुन्या भेदाशी त्याची तुलना करून पाहावी.

(इ) विधवाविवाहाचा वाद : वाईजवळच्या बावधन येथे १८२७ मध्ये जन्मलेले विष्णुशास्त्री पंडित हे या वादातील अग्रणी होत. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता, समाजमान्यता नव्हती. विष्णुशास्त्र्यांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले, १८६६ मध्ये विधवाविवाहोत्तेजक मंडळीची स्थापना केली आणि १८६९ मध्ये मुंबईत पुनर्विवाह घडवून आणला. त्या विवाहाशी संबंधित मंडळींवर बहिष्कार पडला. १८७० मध्ये पुण्यात शास्त्रार्थ होऊन निर्णय पुनर्विवाहाच्या विरोधात गेला. पुढे विष्णुशास्त्र्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. पुनर्विवाहाने कुटुंबव्यवस्था ढासळेल, ही त्या काळच्या विरोधकांची भीती होती. आज विधवाविवाह हा सर्वसामान्य विवाहच मानला जातो.

(ई) सत्यशोधक विवाह : मूळ खटाव तालुक्यातील कटगुणच्या घराण्यातील जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी भटजीवाचून विवाह लावण्याचा आरंभ झाला. वधू-वरांनी एकमेकांना मराठीत वचने द्यावीत, अशी मंगलाष्टके जोतीरावांनी रचली. 'पुरोहित नाही, मंत्र नाहीत, मग हे लग्न कसले?' असा आक्षेप निघाला. जुन्नर भागात हा वाद न्यायालयापर्यंत गेला. सातारा जिल्ह्यात ही चळवळ खोलवर रुजली.

(उ) गांधी विवाह : १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने हुंडा, मानपान आणि वाजंत्री यांना फाटा देणारे कमी खर्चाचे 'गांधी विवाह' लावले. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता.

(ऊ) एकपत्नीत्व : हिंदू पुरुषाने एक पत्नी हयात असता दुसरी करू नये, हा नियम मुंबई प्रांतात १९४६ च्या कायद्याने आला, घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला. त्यापूर्वी दोन बायकांचा संसार परंपरेच्या बाहेरचा नव्हता. कराड तालुक्यातील पाल येथे पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसा यांचे लग्न दरवर्षी लागते. लोकपरंपरेत खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई ही धनगरांची मुलगी आहे. दोन पत्नी आणि जातीबाहेरचा विवाह यांना देवाच्या कथेत ज्या परंपरेने जागा दिली, तिच्याच नावाने आज एकपत्नीत्वाचा दाखला दिला जातो.

या सहा दाखल्यांवरून विवाहसंस्था बदलत आली आहे, एवढे निश्चित होते. परंतु येथेच घाई करू नये. 'पूर्वी बदल झाले, म्हणून हाही बदल योग्यच' हे अनुमान सदोष आहे. वरील सर्व बदलांत स्त्री आणि पुरुष हा जोडीचा घटक कायम होता. प्रस्तुत मागणी त्या घटकालाच हात घालते, असे विरोधक म्हणतात, आणि त्यांचा हा मुद्दा तर्कदृष्ट्या वजनदार आहे. इतिहास इतकेच सांगतो, की 'हे आजवर नव्हते' हे कारण एकट्याने पुरेसे ठरत नाही.

४.३.३ 'परिणाम' या शब्दाचे चार अर्थ

या वादात दोन माणसे 'परिणाम' हा एकच शब्द वापरतात, पण पुष्कळदा दोन वेगळ्या गोष्टींविषयी बोलत असतात.

१. वैयक्तिक परिणाम : शेजारच्या दोन पुरुषांचा विवाह नोंदला गेला, तर माझ्या विवाहातील हक्क किंवा कर्तव्ये बदलतात काय? कायद्याच्या दृष्टीने नाही. पोटगी, वारसा, मुलांचा ताबा यांपैकी काहीही कमी होत नाही.

२. संख्यात्मक परिणाम : स्त्री-पुरुषांचे विवाह कमी होतील, घटस्फोट वाढतील काय? हा पुराव्याचा प्रश्न आहे. नेदरलँड्सने १ एप्रिल २००१ रोजी असा विवाह जगात प्रथम मान्य केला. तेथे विवाहांचे प्रमाण घटत गेले, हे खरे. परंतु ही घट १९७० च्या दशकापासूनच सुरू होती. एकामागून एक घडलेल्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध असतोच असे नाही, हा नियम येथे आठवावा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २००४ मध्ये मान्यता दिली. तिला वीस वर्षे झाली, तेव्हा रँड या संशोधनसंस्थेने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. त्यात भिन्नलिंगी जोडप्यांच्या विवाहांवर वा घटस्फोटांवर अनिष्ट परिणाम झाल्याचे आढळले नाही. अमेरिकेतील निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लागू होईल, असे मात्र गृहीत धरता येत नाही.

३. कायद्याच्या रचनेवरील परिणाम : विवाह, वारसा, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार यांविषयीच्या अनेक तरतुदी 'पती' व 'पत्नी' या शब्दांवर उभ्या आहेत. विशेष विवाह कायद्यातच पुरुषासाठी २१ आणि स्त्रीसाठी १८ वर्षे अशी वयाची वेगळी अट आहे. हे शब्द लिंगनिरपेक्ष केले, तर स्त्रियांना दिलेले संरक्षण दुबळे होण्याचा संभव आहे, अशी शंका न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी बहुमताच्या निकालपत्रात व्यक्त केली. हा परिणाम खरा आहे. कायदा काळजीपूर्वक रचूनच तो टाळता येईल.

४. अर्थात्मक परिणाम : 'विवाह' या शब्दाचा अर्थ बदलेल काय? होय, बदलेल. भाषाविज्ञानात याला अर्थविस्तार म्हणतात. 'तेल' हा शब्द मुळात तिळाच्या स्नेहापुरता होता. आज शेंगदाण्याचेही तेल असते आणि म्हणून तिळाचे तेल तेल राहिले नाही असे होत नाही. विरोधक यावर म्हणतील, की तेल ही वस्तू आहे, विवाह हा संस्कार आहे. संस्काराचा अर्थच त्याचा आत्मा असतो. दृष्टांताने विषय समजतो. तो सिद्ध होत नाही, हे या प्रत्युत्तरातून शिकण्यासारखे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. सुप्रियो खटल्याचा निकाल कोणत्या दिवशी लागला?
२. विधवेच्या पुनर्विवाहासाठी कोणते वेगळे शब्द रूढ होते?
३. मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा कोणत्या वर्षी झाला?

४.३.४ दोन्ही पक्षांचे युक्तिवाद

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडणे, हा चांगल्या वादलेखनाचा पहिला गुण आहे.

विरोधी पक्ष असे म्हणतो : विवाह हा दोन व्यक्तींचा करार नसून दोन घराण्यांची सोयरीक आहे. वंशसातत्य हे त्याचे प्रयोजन आहे. मुलाला आई आणि वडील दोन्ही हवेत. विवाहसंस्था राज्याच्या आधीपासूनची आहे. तिची व्याख्या न्यायालयाने बदलू नये. समाजाची तयारी नसताना कायदा केल्यास तो कागदावरच राहतो.

समर्थक पक्ष असे म्हणतो : अपत्य हे विवाहाचे एक प्रयोजन असेल, पण अट नाही, निपुत्रिक दांपत्याचा विवाह अवैध ठरत नाही. सहजीवन मान्य नसल्याने वारसा, निवृत्तिवेतन, रुग्णालयातील निर्णय, दत्तक यांत जोडीदार परका ठरतो. समाजाची तयारी ही अट असती, तर १८५६ चा कायदाही झाला नसता.

तिसराही एक पक्ष आहे. काही स्त्रीवादी विचारवंत आणि समलिंगी चळवळीतील काही कार्यकर्ते विचारतात, की ज्या विवाहसंस्थेने स्त्रीला दुय्यम स्थान दिले तिच्यातच शिरण्याचा आग्रह कशासाठी? रक्ताच्या वा विवाहाच्या नात्यापलीकडे, स्वतः निवडलेल्या कुटुंबालाच कायद्याने ओळखावे, ही त्यांची मागणी आहे.

या दोन टोकांमध्ये काही व्यावहारिक पावले पडली आहेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि खात्यासाठी एकमेकांचे नाव नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नोंदवण्यास आडकाठी नाही, हे त्याच वर्षी स्पष्ट करण्यात आले.

४.३.५ नात्यांची भाषा

मराठीतील नातेवाचक शब्द अत्यंत तपशीलवार आहेत. दीर, जाऊ, नणंद, मेहुणा, मेहुणी, साडू, व्याही, विहीण हे शब्द पाहा. स्त्री माहेर सोडून सासरी जाते, या गृहीतावर त्यांची मांडणी झाली आहे. 'माहेर' आणि 'सासुरवाडी' यांचा वापर सारखा नाही. पुरुषाला माहेर नसते. उखाण्यात जोडीदाराचे नाव घेण्याची रीतही याच व्यवस्थेतून आली.

अशा भाषेत दोन स्त्रियांच्या संसारात एकीची आई दुसरीला काय म्हणेल? सून म्हणेल, की लेक? 'समाजाला हे पचत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा द्वेष नसतो. हाक कशी मारावी, हा गोंधळ असतो. हा गोंधळ खरा आहे आणि त्याची टिंगल करू नये. परंतु भाषेने अशा अडचणी पूर्वीही सोडवल्या आहेत. जाती-धर्माबाहेरून आलेल्या सुनेसाठी नवे नाते निर्माण करावे लागले नाही. जुनाच 'सून' हा शब्द तिला लागू झाला, पण अनेक घरांत त्याला वर्षे लागली. नात्याचा शब्द कायद्याने मिळत नाही. तो घरातील मोठ्या माणसाच्या तोंडून यावा लागतो.

४.३.६ विवाहसंस्थेवर प्रत्यक्ष ताण कशाचा?

परिणामाची चर्चा करताना तुलना आवश्यक असते. सातारा-सांगलीत आज विवाहापुढे कोणत्या अडचणी आहेत? २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही जिल्ह्यांत ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुलींची संख्या ९०० पेक्षा कमी होती. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे १९ भ्रूण पुरलेले सापडले. शेतकरी तरुणांना मुली मिळत नाहीत, ही गावोगावची तक्रार या पार्श्वभूमीवर वाचावी. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील स्थलांतर, मुंबईला माथाडी कामासाठी गेलेली माणसे, खानापूर भागातून देशभर पसरलेले गलाई व्यावसायिक, हुंडा आणि कर्ज काढून केलेली लग्ने यांनी संसारांवर जो ताण आणला, त्यात समलिंगी जोडप्यांचा काहीही वाटा नाही.

शेवटी, चर्चेत क्वचितच उल्लेखिल्या जाणाऱ्या एका व्यक्तीचा विचार करू. समलिंगी कल असलेल्या मुलाचे 'लग्न झाले की ठीक होईल' म्हणून लग्न लावून दिले जाते. त्या लग्नातील वधूला काहीच सांगितलेले नसते. वर्षानुवर्षे ती स्वतःतच दोष शोधते. मूल नाही म्हणून बोलणी खाते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार फसवणुकीच्या कारणावरून विवाह रद्द करून घेता येतो. पण फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि असे कारण न्यायालयात उच्चारण्याचे धैर्य किती जणींना होईल? समलिंगी स्त्रीचे बळेच लग्न लावले, तर तिची आणि तिच्या नवऱ्याची अवस्थाही अशीच होते. हे विवाह पत्रिका पाहून, हळद लावून, पंक्ती उठवून, पूर्णपणे पारंपरिक रीतीने लागलेले असतात.

म्हणजे पारंपरिक विवाहावर परिणाम होतो काय, या प्रश्नाचे एक उत्तर असे आहे : होतो, पण तो मान्यता नाकारल्यानेही होतो. खोटेपणावर उभा राहिलेला प्रत्येक संसार विवाहसंस्थेचे नुकसानच करतो. विवाहाच्या पावित्र्याचा आग्रह धरणाऱ्यानेही या वधूच्या बाजूने विचार केला पाहिजे. कायद्याचे रूप कोणते असावे, यावर मतभेद राहतील. मात्र कोणाचेही लग्न त्याच्या कलाविरुद्ध लावून देऊ नये, यावर दोन्ही पक्षांचे एकमत होणे शक्य आहे.

४.३.७ मराठी साहित्यातील पडसाद

या विषयाला मराठीत दीर्घ परंपरा आहे. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७–१९५३) या मासिकाने लैंगिक प्रश्नांची मोकळी चर्चा केली. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक, चेतन दातार यांचे 'एक माधवबाग', सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' आणि बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' ही कादंबरी या कृतींनी समलिंगी व्यक्तीचे आणि तिच्या कुटुंबाचे अनुभव मराठीत आणले. यांपैकी 'एक माधवबाग' मध्ये बोलते ती आई आहे, ही बाब ४.३.५ च्या संदर्भात लक्षणीय ठरते.

४.४ सारांश

विवाहसंस्था एकसंध वा स्थिर नव्हती, हे सातारा-सांगलीच्या इतिहासावरून दिसते. मात्र केवळ त्यावरून नवा बदल योग्य ठरत नाही. 'परिणाम' या शब्दाचे वैयक्तिक, संख्यात्मक, कायदेशीर आणि अर्थात्मक असे चार अर्थ संभवतात. पहिल्या दोहोंचा पुरावा आढळत नाही, तिसरा परिणाम कायद्याच्या रचनेवर अवलंबून आहे आणि चौथा निश्चित होतो. तो इष्ट की अनिष्ट, हा मूल्यांचा प्रश्न आहे. मान्यता नाकारण्याचेही परिणाम असतात आणि ते पारंपरिक विवाहातील निरपराध जोडीदारालाही भोगावे लागतात.

४.५ पारिभाषिक शब्द व शब्दार्थ

अर्थविस्तार : शब्दाच्या अर्थाची व्याप्ती वाढणे.
सोयरीक : विवाहाने जुळणारा दोन घरांचा संबंध.
पाट, म्होतूर : विधवेचा वा परित्यक्तेचा रूढीमान्य पुनर्विवाह.
सपिंड : ठरावीक पिढ्यांच्या मर्यादेतील जवळचे आप्त.
लिंगनिरपेक्ष : स्त्री-पुरुष भेद न दर्शवणारे.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी.
२. पाट, म्होतूर.
३. १९४६.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

(अ) दीर्घोत्तरी प्रश्न
१. 'पारंपरिक विवाह ही एकच एक गोष्ट नाही' या विधानाची सातारा-सांगलीतील उदाहरणांसह चर्चा करा.
२. 'परिणाम' या शब्दाचे चार अर्थ सांगून प्रत्येकासाठी कोणत्या प्रकारचा पुरावा लागेल, ते लिहा.

(आ) टिपा लिहा
१. विष्णुशास्त्री पंडित आणि विधवाविवाहाचा वाद
२. मराठी नातेवाचक शब्दांमागील गृहीते

(इ) लेखनकौशल्य
आपल्याला न पटणाऱ्या पक्षाची बाजू २५० शब्दांत अशी मांडा, की त्या पक्षाच्या माणसाने ती वाचून 'हेच आमचे म्हणणे आहे' असे म्हणावे.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील वा कुटुंबातील सत्तरीपुढच्या तीन स्त्रियांना भेटा. त्यांच्या तरुणपणी लग्नाची कोणती रीत होती, ती कधी व कशी बदलली आणि त्या बदलाला कोणी विरोध केला, हे विचारा. त्यांनी वापरलेले विवाहविषयक बोलीतील शब्द जसेच्या तसे नोंदवा. नोंदवहीत कोणाचेही खरे नाव लिहू नका.